अंबुबाईंच्या हंड्याच्या पुढं

पाणी सोडल्याबद्दल शिव्या खाणारा माणूस त्या दिवशी अख्ख्या बेळगावात एकच होता, आणि शिव्या देणारी बाईही एकच.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला आत्ताच सोडायला?" कल्याणी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात वहीच्या पानाएवढा बोर्ड, नाकाच्या शेंड्यावर निळा रंग.

व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर वाकलेला माणूस सरळ झाला. हातात कमरेएवढी लोखंडी चावी, डोक्यावर अजून हेल्मेट.

"काय वो अक्का?"

"पाणी! पाणी का सोडलंत?"

त्यानं एकदा नळाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. सहा वर्षं तो हे काम करत होता. पाणी उशिरा सोडल्याबद्दल, कमी सोडल्याबद्दल, गढूळ सोडल्याबद्दल, शेजारच्या गल्लीत आधी सोडल्याबद्दल, सगळ्याबद्दल त्यानं ऐकून घेतलं होतं. सोडल्याबद्दल मात्र कधी नाही.

"तुम्ही मघापासनं उन्हात उभारलाय," तो म्हणाला. "मी म्हटलो, लई नड दिसत्या बिचारीला. म्हणून अर्धा तास आधी सोडलो."

बिचारी! कल्याणीनं डोळे मिटून घेतले. तोवर "पाणी आलं! नीर बंतु!" अशी दोन्ही भाषांत हाक गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत पोचली होती. दारं धडाधड उघडली, बायका धावल्या, आणि दोन मिनिटांत तिच्यासमोरची ती सुंदर, वाकडीतिकडी, रिकाम्या भांड्यांची ओळ मोडून गेली. बोर्डावर उरलं होतं पेन्सिलीचं रेखाटन आणि एक निळी प्लास्टिकची घागर. तीही अर्धीच.

कल्याणीला पाणी नको होतं. भांडी हवी होती.

आता हे कुणाला समजावून सांगायचं? खासबागेतली त्यांची गल्ली चढाची. उन्हाळा लागला की घरातल्या नळांना धार चढत नाही, आणि पाचव्या दिवशी जे काय पाणी येतं ते खालच्या तोंडाशी असलेल्या एका सार्वजनिक नळाला. त्या दिवशी सकाळी सातपासून भांडी ओळीला लागतात. भांडं लावलं की बाई घरी जाऊन भाकऱ्या थापायला मोकळी. भांडं म्हणजेच बाई! त्याला हात लावायचा नाही, मागंपुढं करायचं नाही. पंचवीस वर्षं पहिला नंबर अंबुबाईंच्या तांब्याच्या हंड्याचा. एका कडेला पोचा आलेला तो हंडा सातच्या आधी तिथं कधी येऊन बसतो, हे कुणी पाहिलेलं नाही. त्याच्यामागं जयाबाईंचं डिस्टेंपरचं डबडं, मग घागरी, कळशा, कान तुटलेली बादली… अशी चौदा.

कल्याणी शाळेत चित्रकला शिकवायची. सहा वर्षं तिनं फळ्यावर आंबा, फुलदाणी आणि 'माझा आवडता सण' काढला होता. स्वतःसाठी ती तैलरंगात रंगवायची, कुणाकडं न शिकता, चुकत चुकत, सहा बाय आठ इंचाच्या बोर्डांवर. मोठं काढायला घरात जागा नव्हती. ह्या उन्हाळ्यात तिनं गल्लीच काढायला घेतली होती. कोळशाच्या इस्त्रीवर फुंकर मारणारा इस्त्रीवाला, गच्चीवरचे सांडगे, कंपाउंडवर उन्हं खाणाऱ्या गाद्या, तोंडावर पेपर घेऊन खाटेवर झोपलेले आजोबा. कोल्हापूरच्या एका लहानशा कलादालनानं तिची बारा चित्रं लावायचं कबूल केलं होतं. तिच्या एकतिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. पण दालनवाल्या गृहस्थांचा जीव अडकला होता तो भांड्यांच्या ओळीच्या पेन्सिल-स्केचात. "ते जमवा," ते फोनवर म्हणाले होते, "बाकीची अकरा त्याच्याभोवती लावू. ते नसेल तर मात्र पुढच्या वर्षी बघू." अठ्ठावीस मेच्या संध्याकाळी पाचपर्यंत चित्रं तिथं पोचायला हवी होती.

आणि हा बाबा अर्धा तास आधी पाणी सोडत होता. दया म्हणून!

"पुढच्या वेळी," ती दातांवर दात धरून म्हणाली, "तुमच्या वेळेला सोडा. आधी नाही. माझ्यावर उपकार म्हणून तर अजिबात नाही."

"बरं," तो म्हणाला. "नाकाला रंग लागलाय."

"माहीत आहे!"

माहीत नव्हतं.

त्याचं नाव नागेंद्र. पिरनवाडीत घर, थोडी शेती, कंत्राटावर ही नोकरी. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो 'नागेंद्र पाणी' होता आणि आदल्या रात्री 'उद्या ९' एवढंच टाकायचा. पाच दिवसांनी त्यानं पहिल्यांदाच जास्त लिहिलं — 'उद्या साडेनऊ. आधी न्हाय.' सगळ्या बायकांनी त्याला अंगठे दाखवले. कल्याणीनं नाही दाखवला.

सकाळी ती सव्वासातला स्टूल, रंगांची पेटी, टर्पेंटाइनची बाटली घेऊन खाली आली, आणि पायरीवरच थबकली.

भांडी उंचीप्रमाणं लावलेली होती. कळशी, बादली, घागर, डबडं… शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी! सगळ्यांचे कान एका दिशेला. आणि बाजूला मोटारसायकलवर नागेंद्र.

"हे तुम्ही केलंत?"

"व्हय. नंबर न्हाय बदललो हं," तो घाईनं म्हणाला. "कुणाचा कितवा ते सगळं ध्यानात हाय. पाणी सोडायच्या आधी परत लावतो की. पण चित्रात जरा नीट दिसूदे म्हटलं. बिगरशिस्तीचं कशाला दाखवायचं कोल्हापूरवाल्यांस्नी?"

"मला बिगरशिस्तीचंच पाहिजे!"

"असं कसं वो टीचर?" ती कोण हे तोवर त्याला कळलं होतं. खासबागेत ते कळायला पाच दिवस म्हणजे खरं तर उशीरच. "आमच्या फोटोला आई आधी भिंतीला चुना मारती."

"आणि मग फोटोत काय दिसतं?"

"…चुना," नागेंद्र कबूल झाला.

तिला हसू आलं. ते तिनं बोर्डाआड लपवलं, कारण ती रागावलेली होती. मग दोघांनी मिळून चौदा भांडी परत लावली. कान तुटलेली बादली कुठली, हिरवी घागर कुणाची, कुणाचं झाकण कुणाच्या कळशीवर… त्याला खरंच सगळं पाठ होतं. "हे जयाबाईंचं. ह्याच्याखाली दगड लागतोय, न्हायतर कलंडतंय." दगडसुद्धा त्यानंच शोधून घातला. त्यात पाऊण तास गेला. उरलेल्या वेळात तिनं तीन भांडी रंगवली, आणि तो मागं उभा राहून बघत होता म्हणून त्यातलं एक पुसलं.

"एक विचारू? रागवू नका."

"रागावलेलीच आहे. विचारा."

"हे तेलाचे रंग वाळायला आठ-आठ दिवस घेत्यात म्हणता. वास येतोय. हात धुतला तरी निघत न्हाय. मग पाण्याचे रंग का न्हाय वापरत?"

कल्याणीनं ब्रश खाली केला आणि त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग नळाकडं. मग परत त्याच्याकडं.

"व्हय की," नागेंद्र मान खाली घालून म्हणाला. "माझीच चूक हाय ती."

तिसऱ्या वेळी चूक त्याची नव्हती, असं तो म्हणाला. त्यानं फक्त अंबुबाईंना सांगितलं होतं की टीचर नळावरच्या भांड्यांचं चित्र कोल्हापूरला लावणार आहेत. फक्त अंबुबाईंना. म्हणजे खासबाग, शहापूर आणि वडगावचा अर्धा भाग.

ओळीत त्या सकाळी एकही ओळखीचं भांडं नव्हतं. तांब्याचा हंडा चिंचेनं घासून असा लखलखत होता की बघवेना. डिस्टेंपरच्या डबड्याच्या जागी जयाबाईंनी शोकेसमधली, 'सौ. जयाबाई यांना सप्रेम भेट' असं कोरलेली, कधी पाणी न बघितलेली स्टीलची घागर आणून ठेवली होती. एका घागरीला कुंकू लावलेलं होतं. आणि स्वतः अंबुबाई इरकलीचा पदर डोक्यावरून घेऊन हंड्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"काढ गं," त्या हनुवटी वर करून म्हणाल्या.

"अंबुआत्ती, मला तुमचं रोजचं…"

"रोजचं काय बघायचं? रोज बघतोयच की."

कल्याणी वळली. नागेंद्र मोटारसायकलच्या आरशात काहीतरी अतिशय महत्त्वाचं बघत होता.

"तुम्ही," ती म्हणाली, "माझ्या चित्रावर उपकार करणं थांबवाल का?"

"थांबवतो."

"आत्तापासून."

"आत्तापासनं." आणि तो खड्ड्याकडं गेला, व्हॉल्व्ह उघडू लागला. त्या दिवशी तरी चित्र होणार नव्हतंच, निदान पाणी वेळेवर येऊ दे. पण जुना जोड ढिला झाला होता. आधी फुसफुस करत हवा आली, आणि मग पाण्याचा असा फवारा उडाला की त्याचा शर्ट, तिची ओढणी आणि तिच्या हातातला बोर्ड, सगळं एका क्षणात भिजलं.

"गेलं!" नागेंद्र चावी टाकून धावत आला. खिशातून रुमाल काढून तो बोर्डावर झेपावणार, तेवढ्यात तिनं त्याचं मनगट धरलं.

"पुसू नका!"

"अवो, पाणी—"

"बघा तरी."

दोघांनी बघितलं. ओल्या तेलरंगावर पाण्याचे थेंब गोल गोल उभे होते. निळ्या घागरीवर चार, बादलीवर एक मोठा. त्यात सकाळचं ऊन अडकलं होतं. रंग जिथल्या तिथं होता. कल्याणीनं बोर्ड हळूच कलता केला, आणि थेंब एकामागोमाग एक, काहीच न बिघडवता घरंगळून गेले.

"पाण्यानं काय होत न्हाय व्हय ह्याला?"

"पाण्यानं काही होत नाही. रुमालानं होतं."

मनगट अजून तिच्या हातातच होतं. त्यावर तिच्या बोटांचे पाच निळे ठसे उमटले होते. तिनं हात सोडला… जरा उशिराच. अंबुबाईंनी खुर्चीवरून खाकरून दाखवलं.

चौथ्या वेळी — तेरा मे, उन्हानं डांबर मऊ झालेलं — सगळं जमून आलं. अंबुबाईंना कल्याणीनं घरी जाऊन हात जोडले होते. जुनी भांडी परत आली होती, वाकडी, कळकट, देखणी. ऊन तिरपं होतं. हंड्याच्या पोच्यात सावली अशी बसली होती की कल्याणीनं स्टूल टेकायच्या आधीच ब्रश उचलला.

साडेनऊला नागेंद्र आला. चावी भिंतीला टेकवली. तिच्याकडं बघितलं, बोर्डाकडं बघितलं.

"किती राहिलं?"

"जरा… थोडंच. ती सावली हलायच्या आत. जमेल ना?"

त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडं नजर टाकली. "घ्या की वेळ. कोण मागं लागलंय?"

तिनं वेळ घेतला. तो सावलीत उकिडवा बसला आणि पिरनवाडीच्या गोष्टी सांगत राहिला. म्हैस कशी फक्त त्याच्या थोरल्या भावालाच दूध देते, आई त्याला बघायला आलेल्या पाहुण्यांना कसं 'इंजिनेर हाय' म्हणून सांगते आणि तो कसा 'पाणी सोडतो' म्हणून दुरुस्त करतो, आणि पाहुणे कसे चहा पिऊन जातात. ती "हं" म्हणत होती आणि रंगवत होती, आणि मधेच हसू आल्यामुळं एका कळशीचा काठ जरा हलला, तो तिनं तसाच ठेवला.

मग तो उठला, आणि डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून, चौदा भांड्यांच्या मागं, ओळीच्या अगदी शेवटी ठेवलं. उजव्या बाजूला खरचटलेलं, मागच्या घोड्याच्या स्टिकरातला अर्धा घोडा निघून गेलेला.

"हे काय आता?"

"नंबर लावलोय."

"कशाचा?"

"बोलायचं हाय तुमच्याशी. आत्ता न्हाय. आधी ह्या सगळ्यांचं होऊदे, चित्र संपूदे. मग माझा नंबर." तो हसत नव्हता. कान लाल झाले होते. उन्हानंही असतील. "मधी घुसणाऱ्यातला न्हाय मी."

कल्याणीनं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवायच्या ऐवजी शेजारच्या चहाच्या कपात बुडवला, आणि ते त्यानं पाहिलं, आणि तो काही बोलला नाही. त्या माणसाकडून हा पहिलाच खरा उपकार.

अकरा भांडी पुरी झाली तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. नागेंद्रनं व्हॉल्व्ह उघडला. सव्वाअकराला पाणी गेलं.

गेलं म्हणजे गेलंच. टाकीचं पाणी सव्वाअकराला दुसऱ्या लाइनीला वळतं, ते कुणाच्या हातात नसतं. नागेंद्रला ते माहीत होतं. कल्याणीला नव्हतं. पाच भांडी भरली, नऊ कोरडी राहिली. जयाबाईंच्या मुलीचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा, हुक्केरीहून चाळीस माणसं येणार. जयाबाई रिकामं डबडं घेऊन रस्त्यातच मटकन बसल्या. अंबुबाईंच्या दोन खेपांपैकी एकच झाली होती. गल्लीनं नागेंद्रला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"उशीर का केलास रं?" अंबुबाई कडाडल्या.

"झाला आत्ती. माझी चूक," एवढंच तो म्हणाला. कल्याणीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. हेल्मेट उचललं आणि गेला. संध्याकाळी कुणाला तरी धरून त्यानं जयाबाईंच्या दारात टँकर उभा केला, पण तोवर अंबुबाईंचा फोन कंत्राटदाराला गेला होता.

अठरा तारखेला पाणी सोडायला भरमा नावाचे एक पोक्त गृहस्थ आले. पहाटे पाचला. नऊला नाही, आठला नाही, पाचला! पाइपाला धार जोराची होती, ओळ लागायच्या आत सगळ्यांची भांडी भरून झाली. बायका खूश. ग्रुपवर बघितलं तर 'नागेंद्र पाणी' तिथून निघून गेला होता. कल्याणीनं भरमांना विचारलं.

"त्यो? त्याला निपाणीला टाकलंय. तक्रार झालती न्हवं."

कल्याणी घरी आली आणि तिनं कणीक अशी मळली की आई म्हणाली, "अगं, पोळ्या करायच्या आहेत, भिंत बांधायची नाही."

राग तिला त्याचाच आला होता. कुणी सांगितलं होतं? सव्वाअकराला पाणी जातं हे तोंड उघडून सांगता येत नव्हतं? तिनं अर्ध्या तासात आवरतं घेतलं असतं. निदान… घेतलं असतं बहुतेक. दहा वेळा तिनं फोनवर 'तुम्ही मूर्ख आहात' असं लिहिलं आणि दहा वेळा पुसलं. बोर्डावर अकरा भांडी होती. उरलेल्या तिघांच्या जागा कोऱ्या. अठ्ठावीस तारीख दहा दिवसांवर.

शेवटी ती अंबुबाईंकडं गेली.

"आत्ती, तो उशीर माझ्यामुळं झाला. मी वेळ मागितला. त्यानं दिला."

अंबुबाई शेंगा फोडत होत्या. हात थांबला. "तुझ्यामुळं?"

"हो."

"आणि मग त्या दिवशी तोंडात काय धरलीतीस? आधी सांगायचं न्हाय? तुझी तक्रार केली असती!"

"करा ना," कल्याणी म्हणाली, आणि अचानक तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. अगदी वेळापत्रक सोडून. "करा. मलाही टाका निपाणीला."

अंबुबाईंनी तिच्याकडं बघितलं. एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"असं हाय व्हय," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, "चित्र किती राहिलंय?"

वीस मे. पाणी यायचा दिवस नव्हता. तरी सकाळी सात वाजता खासबागेतल्या त्या गल्लीत चौदा भांडी ओळीला लागली होती! पोच्याचा हंडा, दगडावर टेकवलेलं डबडं, कान तुटलेली बादली. पाणी नसताना भांडी मांडायची, हे त्या गल्लीत आजवर कधी घडलेलं नव्हतं. जाणारे-येणारे गाड्या थांबवून विचारत होते, "पाणी आलं?" दोघं तर घरून कळशा घेऊन आले आणि मागं उभे राहिले. अंबुबाई खुर्ची टाकून प्रत्येकाला सांगत होत्या, "आलेलं न्हाय. यायचं न्हाय. पुढं जावा. पोरगी काम करत्या!"

जयाबाई सगळ्यात शेवटी आल्या. म्हणाल्या, "साखरपुडा पार पडला बाई. नवरदेवानं टँकरवाल्यालाच आधी नमस्कार केला." आणि डबड्याखालचा दगड नीट बसवून गेल्या.

तीन भांडी दोन तासांत झाली. पण घरी येऊन बोर्ड खिडकीत ठेवल्यावर कल्याणीला कळेना की काय राहिलंय. चौदा मोजली. चौदाच होती. सावल्या बरोबर होत्या. तरी ते चित्र तिच्याकडं असं बघत होतं, जसं वर्गातलं एखादं मूल गृहपाठ न करता बघतं. पाच दिवस तिनं त्याच्याकडं रागानं बघितलं. सव्वीस तारखेला दुपारी तिनं पिवळ्या रंगाची ट्यूब उघडली.

त्याच संध्याकाळी तिनं नागेंद्रला मेसेज केला, 'परवा साडेदहा. निपाणी स्टँड. काम आहे.'

उत्तरात अंगठा आला. नुसता अंगठा! तिनं फोन उशीवर आपटला.

पिवळा रंग जाड लागला होता, दोन दिवसांत वाळणं शक्य नव्हतं. अकरा वाळलेली चित्रं कापडात बांधून पिशवीत गेली. बारावं तिनं कुंद्याच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यात, चार कोपऱ्यांना टाचण्या लावून, झाकण रंगाला टेकणार नाही असं बसवलं आणि कोल्हापूरच्या एसटीत दोन्ही हातांत आडवं धरून बसली. केस तोंडावर येत होते, नाक खाजत होतं, संकेश्वरच्या आधी एका गतिरोधकावर गाडी उडाली तेव्हा ती सीटवरून उठली, खोकं मात्र हललं नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "एवढं जपून न्हेत्येस, लई लाडका पाहुणा दिसतोय." तिनं खोक्यावरची पकड आणखी घट्ट केली.

निपाणी स्टँडवर तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट. डोक्याला तेल. हातात हेल्मेट.

"कुंदा आणलासा?" त्याचा चेहरा उजळला.

"कुंदा नाही. आडवं धरा. आडवं! झाकण हळू काढा, ओलं आहे."

बाकड्यावर बसून त्यानं मांडीवर खोकं ठेवलं आणि श्वास रोखून झाकण काढलं. टर्पेंटाइनचा वास आला. शेजारी बसलेला माणूस, जो कुंद्याच्या आशेनं सरकला होता, तो परत मागं सरकला.

नागेंद्रनं बोट न लावता, हवेतल्या हवेत मोजायला सुरुवात केली. शेवटाकडून. "ही सुनंदाची कळशी. ही कान तुटलेली. हिरवी… निळी… हे जयाबाईंचं डबडं, दगड पण घातलाय की! हा अंबुआत्तींचा हंडा." बोट थांबलं.

हंड्याच्या पुढं, नळाच्या अगदी खाली, पहिल्या नंबरावर एक पिवळं हेल्मेट होतं. उजव्या बाजूला खरचटलेलं, अर्ध्या घोड्याचं.

"मी शेवटी लावलतो," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

"हे पहिलं हाय."

"आहे."

"आत्तींच्या हंड्याच्या पुढं?" त्याचा आवाज फाटला. "आत्ती बघितल्या हे?"

"बघितलं. काल दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सकाळी दारात येऊन म्हणाल्या, 'चित्रात असूदे. नळावर आणलंस तर बघ.'"

"पण नंबर तोडला टीचर तुम्ही. समद्यांचा."

"व्हय, तोडला!" कल्याणी म्हणाली. आवाज चढला, स्टँडवरची चार माणसं वळली. "माझं चित्र हाय, पुढं कुणाला घ्यायचं ते मी ठरवणार. आणि तू कोण रं वेळ देणारा? सव्वाअकराला पाणी जातं हे सांगता येत न्हवतं? नोकरीच गेली असती म्हणजे? गप्प बसून चूक अंगावर घेतो म्हणे! कुणी सांगितलं होतं? मी… पंधरा दिवस मी…" ती थांबली. तिला धाप लागली होती. आपण 'तू' म्हणालो हे तिला तेव्हा कळलं, आणि आता ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. घ्यायचंही नव्हतं. "चित्र संपलंय. नंबर आलाय तुझा. बोल."

आणि प्रत्येक भेटीत अखंड बोललेला हा माणूस गप्प! मांडीवर ओलं चित्र, दोन्ही हात खोक्याला, कान लाल. कोल्हापूरची एक गाडी लागली, भरली, सुटली.

"बोल की!"

नागेंद्रनं खोक्याचं झाकण हळूच परत लावलं.

"पिरनवाडीत," तो म्हणाला, "आमच्या घरात बोअर हाय."

"काय?"

"अडीच इंच पाणी. उन्हाळ्यात पण. चोवीस तास. नंबर न्हाय, काय न्हाय." त्यानं वर बघितलं. "म्हणजे… तुम्हाला… तुला चाललं तर."

खासबागेत वाढलेल्या मुलीला ह्याच्यावर काही मागण्यासारखं उरत नाही. तरी कल्याणीनं घाई केली नाही. पदरानं नाक पुसायला गेली, पदर नव्हता, ओढणी होती, त्यावर पिवळा रंग होता, नाकाला लागला.

"तेलाचे रंग सोडणार नाही मी," ती म्हणाली.

"सोडू नको."

"घराला वास येईल."

"म्हशीचा येतोयच."

ती हसली, आणि मग बराच वेळ थांबलीच नाही. दुसरी गाडी लागली. नागेंद्र खोकं आडवं धरून उठला.

"चल, चढ. पाचच्या आत पोचायचं हाय. तू पिशवी घे, हे मी धरतो."

"तू कुठं? ड्यूटी?"

"आज सकाळी सहालाच सोडलो पाणी," तो म्हणाला. "वेळेवर. एक मिनिट इकडं न्हाय, तिकडं न्हाय." आणि पायरी चढता चढता वळून, अगदी हळू आवाजात, "नाकाला रंग लागलाय."

"माहीत आहे," कल्याणी म्हणाली. ह्या वेळी खरंच माहीत होतं. तिनं तो तसाच ठेवला.